ब्रेकमधली हवा

लुआंश्या, १४ मे

चोलाच्या बाबांना,

तुमचा निरोप बसवाल्या कपासाने पोचवला. बस आमच्या कोपऱ्यावर थांबवून, खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्या प्रवाशांच्या देखत ओरडून पोचवला. "वहिनी, तो गाडी न्यायला येणार म्हणतोय! सोल्वेझीत चालून चालून बूट झिजले म्हणे त्याचे!" म्हणजे आता आमच्या सगळ्या आळीला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही दोन वाक्यं झाली की कापता, म्हणून पत्र लिहिते आहे आणि कपासाच्याच हाती देते आहे. पत्र कापता येत नाही. फार तर फाडाल.

खाणीने तुम्हाला घरी बसवलं आणि तुम्ही नव्या खाणीवर काम शोधायला गेलात, त्या दिवशी गाडी आंब्याखाली विटांवर चढवून गेलात. तशीच आहे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. पुढच्या काचेवर इतकी पानं पडली आहेत की आत कुणी बसलंय की नाही तेही कळत नाही. तुम्हीच जाताना म्हणाला होतात ना, "मेली ही, आता भंगारात," असं? मग मेलेल्या गाडीची आठवण कशाला? नेणार असाल तर येताना दोरखंड आणा आणि ओढायला ट्रक.

बाकी आम्ही बरे आहोत. तुम्ही कसे आहात ते विचारत नाही. सोल्वेझीत थंडी फार असते, पण तुमच्या उबेची सोय झाल्याचं ऐकून आहे.

एक सहज विचारते. बॅटरीच्या टोकांवर ती पांढरी बुरशी धरते ना, ती नुसत्या उकळत्या पाण्याने जाते की आधी खायचा सोडा टाकायचा? चोलाला शाळेत विज्ञानात काहीतरी आहे.

चोलाची आई


लुआंश्या, ९ जून

चोलाच्या बाबांना,

सोडा आधी, हे कळवलंत, आभारी आहे. चोलाचं विज्ञान सुधारलं.

गाडीचं विचारता आहात. गाडीचं काय असणार? आहे तिथे आहे. रात्री, म्हणजे रात्री ती आंब्याखालीच असते.

आई आली आहे. मन्साहून एकटी बसने आली, गुडघे धरून. स्टँडवरून तिला घरी आणलं. कसं आणलं ते महत्त्वाचं नाही. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघ्याला इंजेक्शन दिलं, आठवड्याला एक घ्यायचं आहे, आणि दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पोचतो आम्ही कसेतरी. आता ती इथेच राहणार.

हे मुद्दाम लिहिते आहे. कारण तुम्हाला सासूसमोर उभं राहता येत नाही, तिच्याशी बोलता येत नाही, ती बसलेली असेल तिथे पाय ठेवता येत नाही. जावयाला घरात घ्यायचा विधी झाला असता तर हे सगळं कधीच सुटलं असतं. आईने त्यासाठी भांडी काढून ठेवली होती. कोंबड्या, वाळवलेले मासे, शेंगदाण्यातली भाजी, कोण काय रांधणार तेसुद्धा मावश्यांनी वाटून घेतलं होतं. तुम्ही दरवर्षी म्हणालात, "पुढच्या वर्षी करू, घाई काय आहे?" माझ्या बहिणींचे नवरे आज आईच्या शेजारी बसून तिची थट्टा करतात. तुम्ही मात्र तिची सावली दिसली की अजून रस्ता सोडून गवतात शिरता. आणि गवतात शिरताना तुम्हाला पाहून मला हसू आवरायचं नाही, हेही खरं आहे.

तेव्हा याल तर आधी कळवून या. आई अंगणात असते.

अजून एक, सहज. प्लग घट्ट करताना किती जोर लावायचा? तुम्ही म्हणायचात, "हाताने बसला की पान्याने जेमतेम पाव वळसा, जास्त नाही." पाव की अर्धा? आठवेना.

चोलाची आई


लुआंश्या, २० जुलै

चोलाच्या बाबांना,

बरं. गाडी चालते आहे.

कपासाने सांगितलं, ना? मला वाटलंच. परवा एन्डोलाच्या रस्त्यावर त्याच्या बसला मी मागे टाकलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. बसायला जागा नव्हती इतके टोमॅटोचे खोके होते गाडीत, आणि खोक्यांवर बाना कासुबा, बाजारातली, डोकं छताला टेकवून बसली होती. तिने तर हात हलवला त्याला. त्यानंतर तो कळवणार नाही तर काय करणार?

मी खोटं बोलले. खोटं बोलले कारण मला तुमचा स्वभाव माहीत आहे. मेलेली होती तोवर गाडी माझी, उठून बसली की तुमची. आता सरळच सांगते. ही गाडी रोज पहाटे बाजारातल्या बायकांना घेऊन एन्डोलाला जाते आणि माल घेऊन परत येते. त्यावर मक्याचा न्शिमा शिजतो, त्यावर चोलाचा शाळेचा गणवेश आला, त्यावर आई इंजेक्शनला जाते. तुम्ही गाडी नेलीत तर चुलीवरचं भांडं खाली उतरेल. इतकं साधं आहे. तुम्ही पाठवत असता तर गोष्ट वेगळी होती.

पण तुमच्या पत्रात ह्यातलं काहीच नाही. एकच प्रश्न आहे, तीन वेळा: माझ्या गाडीवर काम करणारा पुरुष कोण?

मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "विचार की त्यालाच. त्याला माहीत असेल तर नाव कळव म्हणावं, रविवारी जेवायला बोलावू."

पुरुष नाही. मी करते.

तुम्ही म्हणाल, हिला काय येतं? मग आठवा, टॉर्च कोण धरायचं? लग्न झाल्यापासून तुम्ही दर रविवारी प्रार्थना आटोपली की बॉनेटमध्ये डोकं घालायचात आणि मी टॉर्च धरून उभी. "नीट धर. इकडे नाही, तिकडे. तुझं लक्ष कुठे आहे?" माझं लक्ष तुमच्या हातांवर होतं, दुसरं काय पाहणार होते मी? कार्बोरेटर उघडताना तुम्ही कोणता स्क्रू आधी काढता, स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा कुठे ठेवता, रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून अर्धं फिरवून का थांबता, सगळं पाहिलं. शिव्यासुद्धा पाठ आहेत. तेलाचा फिल्टर अडला की एक, मागच्या चाकाचा नट गंजला की दुसरी. पहिल्यांदा मी एकटीने फिल्टर काढला तेव्हा तो हलेना, आणि माझ्या तोंडून तुमची ती पहिली शिवी निघाली, आणि तो सुटला. चोला हसून हसून लोळली.

चुकाही केल्या. एक प्लग जास्त आवळला आणि त्याची मान मोडली. ते निस्तरायला दोन रविवार गेले. रेडिओ अजून गातच नाही, नुसता खरखरतो, कारण गाडी जपानहून आलेली, तिथली स्टेशनं वेगळी आणि आपली वेगळी. ते मला जमत नाही, आणि मला त्याचं काही नाही. गाडीत बायका असतात, रेडिओ लागतो कुणाला?

हात बघाल माझे तर ओळखणार नाही. नखांतलं काळं आता लिंबानेही निघत नाही. चर्चमध्ये मी हात कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेत लपवून बसते. दमते मी. इतकी दमते की कधी कधी न्शिमा ढवळता ढवळता उभ्या उभ्या डोळा लागतो. तुम्हाला हे कीव यावी म्हणून लिहीत नाही. पुरुष असता तर मी दमले असते का, एवढाच मुद्दा आहे.

चोलाची आई


लुआंश्या, २५ ऑगस्ट

चोलाच्या बाबांना,

थोडक्यात लिहिते. बायका गाडीत बसल्या आहेत.

चिसाला मामांनी चर्चच्या दारात मला गाठलं. तुमचे मामा, म्हणून मी गुडघ्यावर बसून ऐकलं. म्हणाले, "सूनबाई, भाचा म्हणतो घरात परका पुरुष आहे. आम्ही यायचं, त्याला पकडायचं, गाडी न्यायची आणि त्याला पंचांपुढे उभा करायचा, असं ठरवतोय." मी म्हटलं, "मामा, या. पकडा. सापडला तर मलाही दाखवा." बिचारे मामा! वयस्क माणूस, ह्या वयात त्यांना तुम्ही हे काम लावलंत.

ठीक आहे, या. मी लपवण्यासारखं काही ठेवलेलं नाही. पण तीन गोष्टी. कळवून या. फाटकाबाहेरून हाक मारा, जसा जावई मारतो. आणि आई इथे आहे हे विसरू नका. तुम्हाला राग आला की तोंडाला लगाम नसतो हे मला चालतं, म्हणजे चालवून घेतलं मी. तिच्यासमोर चालणार नाही, आणि ते माझ्या हातात नाही.

ब्रेक मऊ लागतोय. पेडल जमिनीपर्यंत जातं. मागच्या चाकातून तेल गळतंय, रबरं बदलायची आहेत. तोवर हळू चालवते आणि चढावर प्रार्थना करते.

चोलाची आई


लुआंश्या, १२ सप्टेंबर

कापेम्ब्वा,

आज नाव घेऊन लिहिते आहे आणि "तुम्ही" म्हणत नाही. रागाने नाही. "तुम्ही" म्हणायला ताकद लागते, ती उरली नाही.

मामा तिथे होते, कपासा होता, सगळ्यांनी पाहिलं. तरी तू सोल्वेझीला जाऊन ह्याची वेगळीच गोष्ट सांगशील, म्हणून मी लिहून ठेवते.

रबरं मी सकाळी बदलली. मग ब्रेकमधली हवा काढायची होती. हे एकट्याचं काम नाही, हे तू जाणतोस. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पडून नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, नट आवळायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. चोला शाळेत होती. म्हणून आईला चालकाच्या सीटवर बसवलं, ज्या पायाचा गुडघा बरा आहे तो पेडलवर.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय गं."

"सोड आता."

बराच वेळ हेच चाललं होतं. आई कंटाळली. "ही गाडी आहे की शिवणयंत्र? सकाळपासून पाय मारतेय, एक झबलंसुद्धा झालं नाही." ती पेडल दिसावं म्हणून स्टीअरिंगवर वाकून बसली होती, त्यामुळे बाहेरून तिचं डोकं दिसत नव्हतं. आणि मी तुझी खाणीतली निळी डांगरी घालून मागच्या चाकाशी पाठीवर पडले होते, पाय बाहेर. तुझेच जुने बूट.

तू फाटकातून हाक मारली नाहीस. फाटक लाथेने उघडलंस. मला तुझा आवाज आला.

"बाहेर निघ, हरामखोरा! माझ्या अंगणात, माझ्या डांगरीत, माझ्या गाडीखाली! आणि माझ्या बायकोच्या..."

पुढचं मी लिहीत नाही. आईने ऐकलं तेवढं पुरे आहे. तिच्या लेकीच्या शरीराबद्दल तिच्या जावयाच्या तोंडून तिने ऐकलं, एकेक शब्द, खिडकी उघडी होती. मग तू माझा पाय धरलास आणि ओढलंस. माझ्या हातात पाना होता, नट उघडा होता, ब्रेक ऑइल सगळं केसांत आणि कानात. आईने दचकून पाय सोडला. सकाळभर काढलेली हवा एका क्षणात परत आत गेली.

मी बाहेर आले आणि तू मला बघितलंस. तरीही तू वाकून गाडीखाली पाहिलंस! अजून कुणी आहे का ते. मग डिकी उघडलीस. डिकीत जॅक होता आणि कोंबडी.

तेव्हा आईने हॉर्नवर हात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही. तो हॉर्न तूच बसवला होतास, लॉरीचा. पलीकडच्या आळीतली माणसं कुंपणाशी आली. तू वर पाहिलंस आणि आई दिसली तुला, चालकाच्या जागेवर, डोक्याचं फडकं सरकलेलं, तुझ्यापासून हातभर अंतरावर.

मला तुझी दया आली, खरं सांगते. तू पाठ फिरवून आंब्याखाली जाऊन बसलास आणि टोपीने तोंड झाकलंस. चिसाला मामा तर जमिनीवर आडवेच झाले आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवत माफी मागायला लागले. त्या वयात. धुळीत.

आई तुझ्याशी बोलली नाही, ती रीत मोडणारी नाही. ती माझ्याशी बोलली, पण कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशी.

"मुली, त्या आंब्याखाली कुणी पाहुणा बसलाय. त्याला विचार, तो पुरुष सापडला का? सापडला तर इकडे पाठवायला सांग. पेडल दाबायला मला माणूस हवाच आहे."

कुंपणाशी कुणाला तरी हसू फुटलं. कपासाच असणार.

मामा उठले, गुडघे झटकले आणि तुझ्यासमोर जाऊन उभे राहिले. जे म्हणाले ते तूही ऐकलंस, पण कागदावर असू दे. "ज्याला आपल्या बायकोचे पाय ओळखता येत नाहीत, त्याला गाडी कसली ओळखता येणार? ऊठ. सासूसमोर शिव्या घातल्यास. ती माफ करत नाही तोवर ह्या फाटकाच्या आत पाऊल नाही. गाडी फाटकाच्या आत आहे. समजलं?"

म्हणजे गाडी राहिली. मला वाटलं होतं, असं झालं तर मी नाचेन. मी काही नाचले नाही. तुम्ही सगळे दुपारच्या बसने गेलात आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. दाब. धर. सोड. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ब्रेक ऑइल डोळ्यांत गेलं होतं, म्हणून ते कशाचं होतं ते मलाही सांगता येणार नाही.

तू एवढ्या लांबून आलास, गाडीखाली पाहिलंस, डिकीत पाहिलंस, घरामागे न्हाणीतसुद्धा डोकावलास म्हणे. मी कशी आहे ते विचारलं नाहीस.

चोलाची आई


लुआंश्या, ३ ऑक्टोबर

कापेम्ब्वा,

मामा येऊन गेले. तुझी पांढरी कोंबडी आणि दोन वार कापड आईसमोर ठेवलं आणि तुझ्या वतीने बोलले. चांगलं बोलले. आईने कोंबडी ठेवून घेतली. कापड हातात घेऊन पाहिलं, रंग उडेल म्हणाली, तेही ठेवून घेतलं. माफीचं विचारलं तर म्हणाली, "विचार करतेय. म्हातारी आहे मी, विचाराला वेळ लागतो." मामा मला फाटकाशी म्हणाले, "सूनबाई, तुझी आई फार दिवस विचार करेल असं दिसतं." मी म्हटलं, "मामा, तिची प्रकृती ठणठणीत आहे." दोघेही हसलो. खूप दिवसांनी हसले मी कुणाबरोबर.

तुझं पत्र त्यांनीच दिलं. मी दोनदा वाचलं. तू लिहितोस, गाडी राहू दे तुझ्याकडे, मला गाडी नको, मीच परत येतो, राहायला. तिकडचं संपलं. ब्रेकचं काम दोघांचं असतं, आई किती दिवस पेडल दाबणार, असंही लिहिलंस. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि भांडी घासली.

गाडीची काळजी करू नकोस. ब्रेक आता दगडासारखा लागतो, अर्ध्यावरच. चोलाला भेटायचं असेल तर शनिवारी स्टँडवर ये, मी तिला घेऊन येईन. फळं आण, पैशांचं बोलू नकोस तिच्यासमोर. ती तुझी वाट बघते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण घरी येऊ नकोस. आईमुळे नाही. आई माफ करेल, आज ना उद्या, तिला तुझी थट्टा करायचीच आहे आणि माफ केल्याशिवाय ती करता येत नाही. माझ्यामुळे येऊ नकोस.

कारण सांगते, मग हा विषय नको.

त्या दिवशी मी खाली पडले होते. फाटक आपटलं आणि तुझा आवाज आला. पहिल्यांदा मला शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज कळला. इतक्या महिन्यांनी. आणि मला वाटलं, आला. इतका आनंद झाला की मी पाना आणि नट आणि आईचा पाय, सगळं विसरले, आणि कोपरांवर सरकत बाहेर यायला लागले. तू हसतोयस, मला ह्या अवतारात बघून हसणार आहेस, असं मनात होतं. मग शब्द कळले.

तुला वाटत असेल तू मला पाय धरून ओढून काढलंस. मी आधीच निघाले होते.

म्वाबा